गोदेचा भांग

नाशिकचा माणूस गोदावरीला गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. 'जरा गंगेवर जाऊन येतो' असे सांगून तो घराबाहेर पडतो आणि अर्ध्या तासात पिशवीभर मेथी-कोथिंबीर घेऊन परत येतो. नदीशी इतकी घसट असली म्हणजे तिच्याविषयी कुतूहल उरत नाही. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर ती उगम पावते, रामकुंडात आपण तिच्यात बुडी मारतो, पैठणला नाथांच्या दारावरून ती जाते, नांदेडला जरा ऐसपैस होते, इतके आपल्याला ठाऊक. पुढे ती मराठी मुलूख सोडते. मग लांब दिलेल्या लेकीची खबर जशी उडतउडत कळते, तशी तिची खबर आपल्याला पुरापुरती कळते.

माझेही साठ वर्षे असेच सुखाने चालले होते. पण गेल्या वर्षी नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकाने घात केला. त्याने नकाशावर गोदावरी बोटाने गिरवली. १,४६५ किलोमीटर लांबीची ती निळी रेघ समुद्राजवळ आल्यावर तपकिरी रंगात शिरली. तपकिरी म्हणजे पूर्व घाट. चिरंजीवांनी विचारले, "आजोबा, नदी डोंगर चढते का हो?" मी म्हटले, "चढत नाही, कापते." "कुठे कापते?" "तिकडे, आंध्रात." "तुम्ही बघितलंय?"

या सदराचे जुने वाचक जाणतात की प्रवासाचा उत्साह माझ्यात बेताचाच. पण नातवाच्या त्या दोन शब्दांनी झोप उडाली, हे खरे. मार्गशीर्षात आम्ही उभयता निघालो. आमच्या सौभाग्यवतींनी सामानात एक तांब्याचा गडू ठेवला. काशीहून आणतात तसा, तोंड लाखेने बंद केलेला. आत रामकुंडाचे पाणी. "तिकडे गंगाच आहे ना? मग गंगेत गंगा कशाला न्यायची?" असे मी विचारले. "नेलं तरच पोचेल," एवढेच त्या म्हणाल्या. याचा अर्थ पुढे उलगडला.

भद्राचलमला जायचे तर रेल्वेचे स्टेशन आहे 'भद्राचलम् रोड'. ज्या स्टेशनच्या नावापुढे 'रोड' असते, तिथे गाव नसते, हा रेल्वेचा जुना नियम. इथे गाव चाळीस किलोमीटरांवर निघाले. पण गाव मात्र गोड. नदीकाठच्या टेकडीवर रामाचे देऊळ, आणि त्या देवळामागे एक कथा. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या राज्यात कंचर्ला गोपन्ना नावाचा तहसीलदार होता. शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला निघाले तेव्हा ज्या मादण्णापंतांशी त्यांनी बोलणी केली, त्यांचाच हा भाचा म्हणतात. याने सरकारी वसुलाचे पैसे रामाच्या देवळाला लावले. तानाशहाने त्याला गोवळकोंड्याच्या किल्ल्यात बारा वर्षे कोंडले. शेवटी राम-लक्ष्मण मध्यरात्री तानाशहाकडे आले आणि मोहरा मोजून पावती घेऊन गेले. गोपन्नाचा भक्त रामदासु झाला. त्याची कीर्तने आजही तेलुगू घराघरांत गातात.

हे ऐकताना आमच्या सौ. माझ्याकडे पाहून गालात हसत होत्या. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट तरी वेगळी काय आहे? त्यांनी कोठारे उघडली, यांनी देऊळ बांधले. तिकडे विठू महार होऊन बेदरला गेला, इकडे राम गोवळकोंड्याला गेला. सरकारी हिशेबातली तूट भरून द्यायला देवाला यावे लागते, याबाबत दोन्ही भाषांचे एकमत आहे. एका गोष्टीत मात्र माझे त्या पुजारीबुवांशी जमले नाही. जवळच पर्णशाला म्हणून ठिकाण आहे. सीताहरण तिथेच झाले असे ते सांगतात. मी पंचवटीचा माणूस. नदी एकच, काठ एकच, तेव्हा वाद न वाढवता मी प्रसाद घेतला.

दरीत जायची लाँच पोचवरम् गावाहून सुटते. भद्राचलमहून मोटारीने सकाळीच निघावे लागते. वाटेत कूनवरमला शबरी नदी गोदावरीला येऊन मिळते. शबरी रामाला भेटायला आली, ती अशी भूगोलातही आली. मोटार कधी तेलंगणात होती आणि कधी आंध्रात आली, ते कळले नाही. भद्राचलम् तेलंगणात राहिले आणि आसपासचे मंडल २०१४ साली आंध्राला जोडले गेले. का जोडले, त्याचे उत्तर नदीतच आहे. तिकडे येतोच.

लाँच दोन मजली. चढताच प्रत्येकाला नारिंगी जाकीट घालायला लावले. आमच्या पुढच्या बाकावर राजमहेंद्रीचे एक निवृत्त शिक्षक बसले होते. बांध्याने किरकोळ, हिंदी चांगले. एक तरुण जाकीट काढून त्याची उशी करू लागला, तेव्हा त्यांनी त्याला जो आवाज दिला, तो चाळीस वर्षे वर्गावर राज्य केल्याशिवाय येत नाही. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "२०१९ चा सप्टेंबर विसरलेत हे लोक."

१५ सप्टेंबर २०१९ ला नदीला पूर असताना राजमहेंद्रीकडून निघालेली पर्यटकांची एक लाँच कच्चुलुरूजवळ उलटली. वर सत्तरांहून अधिक माणसे होती. निम्म्याहून अधिक गेली. दरीत नदी इतकी खोल, की दोनशे फुटांखालून ती लाँच वर काढायला महिन्याहून अधिक दिवस लागले. त्यानंतर बराच काळ नावा बंद होत्या. "जे वाचले," मास्तर म्हणाले, "त्यांना काठावरच्या आदिवासींनी वाचवलं. आपल्या होड्या घेऊन ते धावले. सरकारी बोटी मागाहून आल्या." तरुणाने जाकिटाचे बंद मुकाट्याने बांधले.

लाँच निघाली. लाऊडस्पीकरवर सिनेमाची गाणी सुरू झाली, इडली-उपम्याच्या पत्रावळी फिरल्या. तासभर नदी पाहून मी जरा हिरमुसलो होतो. रुंद, मातकट, दोन्हीकडे वाळू. अशी नदी नांदेडलाही पाहिली असती, असा विचार मनात येतो न येतो तोच समोरून डोंगर आडवे आले. नदी पुढे नाहीच. पाणी डोंगराच्या पायथ्याशी जाऊन थांबलेले. मला वाटले, सारंग आता लाँच वळवणार. तर डोंगरच बाजूला झाला. एक वळण उघडले, त्यातून आत गेलो, आणि मागचे दार लागले. पुढे पुन्हा डोंगर, पुन्हा वळण. वाळू संपली. मैलभर पसरलेली नदी दोनअडीचशे मीटरांच्या गल्लीत शिरली होती. पाण्याचा रंग गडद हिरवा झाला, वाऱ्यात गारवा आला, आणि गाणी आपोआप बंद झाली. कुणी बंद केली नव्हती. चालवणारा पोरगाच रेलिंगला टेकून वर बघत उभा होता.

दोन्ही बाजूंना उभे डोंगर, पाण्यापासून माथ्यापर्यंत झाडीने भरलेले. तळाशी बांबूची बेटे, मधे साग, वर नुसता धुरकट निळा रंग. खाली खडक दिसतो तो खोंडलाइट जातीचा. या डोंगरांत राहणाऱ्या खोंड लोकांवरून शास्त्रज्ञांनी दगडाला नाव दिले आहे. माणसांवरून दगडाला नाव दिल्याचे आपण कमी ऐकतो. उलटे फार ऐकतो.

मास्तरांनी नाव समजावून सांगितले. "पापिकोंडलु. पापिडी म्हणजे बायकांच्या केसांतला भांग. कोंडलु म्हणजे डोंगर. नदीनं डोंगराचा भांग पाडलाय." मी सौ.ना मराठीत सांगितले. त्या म्हणाल्या, "भांग आणि कोंडा! कसं जमलं हो यांना?" मास्तरांना हा विनोद समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली, पण समजल्यावर ते इतके हसले, की त्यांनी तो लाँचच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचवला.

इंग्रज या डोंगरांना 'बायसन हिल्स' म्हणत. गव्यांचे डोंगर. गवे अजून आहेत, वाघ आहेत. १९७८ साली हे अभयारण्य झाले आणि २००८ साली राष्ट्रीय उद्यान. हजार चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. पण गव्यांखेरीज इथे माणसेही आहेत: कोया आणि कोंडा रेड्डी. कोंडा रेड्ड्यांवर हायमेनडॉर्फ नावाच्या युरोपियन अभ्यासकाने 'द रेड्डीज ऑफ द बायसन हिल्स' हे पुस्तक १९४५ साली लिहिले. डोंगरउतारावर जाळून-पेरून शेती करायची, जंगलातली कंदमुळे आणायची, आणि व्यापाऱ्यासाठी बांबू तोडायचा, असे त्यांचे जिणे तो सांगतो. व्यापारी उधारीत अडकवून ठेवत. तो बांबू नदीतून तराफ्यांनी खाली जाई.

या दरीशी आपला वऱ्हाडाचा माणूसही जोडला जायचा होता, हे मला इथे येण्यापूर्वी वाचून कळले. राजमहेंद्रीखाली धवळेश्वरमला १८४७ ते १८५२ या काळात धरण बांधणारा आर्थर कॉटन त्या मुलखात देवाच्या ठायी आहे. त्याचे पुतळे गावोगाव. गोदावरीतून आगबोटी चालवाव्यात, हे त्याचे स्वप्न. समुद्रापासून या दरीतून वर, मग प्राणहिता, मग वर्धा नदी. वऱ्हाड-नागपूरचा कापूस गठ्ठे बांधून या भांगातून काकिनाड्याच्या बाजूला उतरवायचा आणि विलायतेला धाडायचा. दरीत पाणी खोल, तिथे अडचण नव्हती. अडचण होती वरच्या खडकांच्या बांधांची. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी अशा तीन ठिकाणी वर्षानुवर्षे कालवे आणि बंधारे चालले. इकडे १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. कापूस मुंबईच्या डब्यात चढला आणि १८७१ साली नदीतले काम सोडून दिले. दुम्मागुडेमचा जुना बंधारा अजून आहे. आगगाडी दहापंधरा वर्षे उशिरा आली असती, तर हिंगणघाटच्या एखाद्या शेटजींनी मला आज याच दरीची हकीकत आजोबांच्या तोंडची म्हणून सांगितली असती.

कापूस आला नाही, पण पाणी येते. मास्तरांनी मला विचारले, "तुमच्या नाशिकला गोदावरी केवढी आहे?" मी सांगितले, "उन्हाळ्यात रामकुंडाच्या खाली मुलं गुडघाभर पाण्यातून पलीकडे जातात." त्यांनी रेलिंगवरून खालच्या हिरव्या पाण्याकडे पाहिले. "मग हे पाणी तुमचं नाही."

ते खरे होते. नाशिकच्या वर गंगापूर धरण, खाली नांदूरमध्यमेश्वर, पैठणला १९७६ साली पुरा झालेला नाथसागर, नांदेडला विष्णुपुरी, धर्माबादजवळ बाभळी, मग तेलंगणात श्रीरामसागर. पावसाळा सोडला तर ब्रह्मगिरीचा थेंब या इतक्या उंबऱ्यांतून निसटून इथवर येणे कठीणच. या दरीतले पाणी आहे ते वैनगंगेचे आणि वर्धेचे, प्राणहिता होऊन आलेले, बस्तरातून इंद्रावतीने आणलेले, आणि शबरीचे. म्हणजे भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली यांचे. आम्ही नाशिककर नाव दिले म्हणून मिरवतो. पाणी विदर्भ आणि बस्तर भरतात. माझ्या विदर्भातल्या मित्रांनी हा परिच्छेद कापून ठेवायला हरकत नाही.

गडूचा अर्थ मला आता कळला. सौ.नी पिशवीतून तो काढला, माझ्या खिशातल्या किल्लीने लाख फोडली, आणि रेलिंगवरून वाकून पाणी सोडले. पावशेर असेल नसेल. मास्तरांनी हात जोडले. त्या जाकिटवाल्या तरुणाने मोबाईलवर फोटो काढला आणि "आंटी, काय टाकलंत?" असे विचारले. सौ. मराठीत म्हणाल्या, "पोचतं केलं." त्याला काय कळले कुणास ठाऊक, त्याने मान हलवली.

दुपारी पेरंटपल्लीला उतरलो. शंभरएक पायऱ्या चढून गेले की झाडीत शंकराचे देऊळ आणि बालानंदस्वामींचा आश्रम आहे. बाजूने डोंगरातला झरा वाहतो. आवाज म्हणाल तर तेवढाच. खाली वाटेवर कोंडा रेड्डी बायका बांबूच्या वस्तू मांडून बसल्या होत्या: परड्या, होड्या, फुले. वीणकाम इतके साफ, की आमच्या बुरुड आळीतल्या कारागिरांनीही मान डोलवावी. सौ.नी एक परडी घेतली. विकणारी म्हातारी आमच्याच वयाची. मास्तर दुभाष्या झाले.

तिने सांगितले, की हा सारा काठ धरणात जायचा आहे. तिकडे लांब सपाटीवर कॉलनी बांधली आहे, सिमेंटची घरे, वीज, नळ. मुलगा आणि सून गेली आहेत. ती जाऊन आठ दिवस राहून आली. "घर चांगलं आहे," ती म्हणाली. मग परडीवरून हात फिरवून तिने मास्तरांना काहीतरी विचारले. मास्तरांनी ते मला सांगायला थोडा वेळ घेतला. ती विचारत होती, तिथे बांबू कुठून आणायचा?

हे धरण पोलवरमचे. दरीच्या खाली, नदी मैदानात उतरते त्या तोंडाशी. कल्पना स्वातंत्र्यापूर्वीची, २०१४ साली कायद्याने तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि बुडणारी जमीन एकाच राज्यात असावी म्हणून ते मंडल आंध्राला जोडले. जून २०२१ मध्ये नदी तिच्या पात्रातून काढून सांडव्यावरून वळवली. अठ्ठेचाळीस दरवाजांचा सांडवा आहे. पहिल्या टप्प्यात पाणी ४१.१५ मीटरपर्यंत, पुढे पूर्ण पातळी ४५.७२ मीटर. साडेतीनशेहून अधिक वस्त्या आणि लाखाच्या वर कुटुंबे उठायची, आणि त्यांत आदिवासी फार मोठ्या संख्येने. मुख्य धरण अजून पुरे नाही. पण नदीत घातलेल्या तात्पुरत्या बांधामुळेच दर पावसाळ्यात पाणी मागे चढते. खालच्या अंगाला गंडी पोचम्मा देवीचे देऊळ आहे. राजमहेंद्रीकडच्या लाँचीतले लोक पहिल्यांदा तिथे नमस्कार करतात. ते आता पुराच्या दिवसांत पाण्याखाली जाते. देवीपट्टणमकडची बरीच गावे उठलीसुद्धा. २०१९ साली ज्यांनी होड्या घातल्या, त्याच काठावरची ही माणसे.

मी मास्तरांना विचारले, "तुम्ही धरणाच्या बाजूचे की विरुद्ध?" ते म्हणाले, "माझी चार एकर जमीन खाली कालव्यावर आहे. कॉटनसाहेबानं पाणी दिलं म्हणून माझा पणजोबा शिकला. मी कुठल्या तोंडानं विरुद्ध बोलू?" मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "पण दरवर्षी एकदा इथं येतो."

माझीही पंचाईत तीच. नाथसागराखालीही गावे गेली आहेत, कोयनेच्या शिवसागराखालीही गेली आहेत, आणि त्या विजेवर आपले दिवे जळतात. तेव्हा पोलवरमवाल्यांना शहाणपण शिकवायला मी काही बसलेलो नाही. मला बोचते ते दुसरेच. या डोंगरांवर जागोजागी वनखात्याच्या पाट्या आहेत: संरक्षित क्षेत्र, फांदी तोडू नका, प्लॅस्टिक टाकू नका. आम्ही केळ्याचे साल टाकले तर दंड. आणि ते बरोबरच आहे. गवा राखला, साग राखला, डोंगराचे माथे राखले. ज्या नदीने हा भांग पाडला तिचे वाहणे मात्र कुठल्याच पाटीत बसले नाही. पाणी चढेल, डोंगर तसेच दिसतील, लाँचीही चालतील, कदाचित जास्त चालतील. पण तिथे तळे असेल. तळ्याला वळण असते, ओढ नसते. आज सारंग ज्या जागी दोन्ही हातांनी चक्र धरून उभा होता, तिथे उद्या तो एका हाताने चहा पिईल.

परतीला ऊन कलले होते. डोंगराची सावली एका काठावरून दुसऱ्या काठावर पोचली होती, आणि आमची लाँच त्या सावलीतून उलट्या प्रवाहाने धापा टाकीत वर येत होती. जाताना जो रस्ता भराभर गेला, त्याला येताना चांगलाच वेळ लागला. कुणाची तक्रार नव्हती. म्हातारीची परडी सौ.च्या मांडीवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भद्राचलमच्या घाटावर स्नानाला गेलो. तिथे पुराची पातळी मोजायच्या खुणा आहेत. ४३ फुटांवर पहिला इशारा, ४८ वर दुसरा, ५३ वर तिसरा. घाटावरच्या एका पोरसवदा भटजीने हात उंच करून दाखवले, १९८६ च्या ऑगस्टात पाणी ७५.६ फुटांवर गेले होते. २०२२ च्या जुलैत ७१ च्या वर. त्याने स्वतः पाहिलेला तो दुसरा पूर. रस्ते बंद, लोक वरच्या टेकडीवर, राम कोरडा.

सौ. ओल्या पदराने पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "आणि खालचं धरण पुरतं भरल्यावर असा पूर आला, तर पाणी कुठवर येईल हो?"

मी ते हिंदीत करून भटजीला विचारले. त्याने एकदा खुणांकडे पाहिले, एकदा वर देवळाकडे.

"हेच आम्ही सगळ्यांना विचारतोय," तो म्हणाला, आणि पुढच्या यजमानाच्या हातावर दर्भ ठेवून त्याने संकल्प सुरू केला.